तीन रुपयांचा बारावा गडी

अजित वाडेकर एल्फिन्स्टन कॉलेजात विज्ञान शाखेला होता. बाळू गुप्ते त्याच कॉलेजात त्याच्या पुढे, आणि दोघं एकाच बसने जायचे. सुभाष गुप्तेंचा हा धाकटा भाऊ कॉलेजच्या संघातून लेगस्पिन टाकायचा. साल साधारण १९५७. एके दिवशी बसमध्ये बाळूने विचारलं, आमच्या टीमला बारावा गडी हवाय, येतोस का? काम काय, तर पाणी न्यायचं आणि कुणी बाहेर बसलं तर क्षेत्ररक्षणाला उभं राहायचं. भत्ता दिवसाला तीन रुपये. मुलाने गणितात डोकं घालून इंजिनिअर व्हावं, अशी वडिलांची इच्छा. मुलाच्या डोक्यात मात्र तीन रुपयांचं गणित सुरू झालं आणि तो हो म्हणाला.

वाडेकर हा किस्सा पुढे कर्णधार झाल्यावर, निवड समितीचे अध्यक्ष झाल्यावर, अगदी म्हातारपणीही सांगत. सांगताना हसत. पण त्या काळात कॉलेजच्या पोराला तीन रुपये म्हणजे हसण्यावारी नेण्याची रक्कम नव्हती. बसभाडं, कँटीनचा चहा आणि वर एखादा सिनेमा त्यात बसे. खेळायचं कशाला, असं घरचे विचारत तेव्हा द्यायला एक उत्तरही त्यात मिळे.

अमेरिकेत त्याच काळात असा भत्ता कुणा कॉलेजच्या खेळाडूने खुलेपणाने खिशात घातला असता, तर चौकशी बसली असती. तिथे कॉलेजचा खेळ म्हणजे लाखभर माणसांची स्टेडियम, टीव्हीचे प्रचंड करार, प्रशिक्षकांना कोट्यवधींचे पगार. खेळणाऱ्या पोराला मात्र फी, राहणं-खाणं आणि वर हौशीपणाचा उपदेश. स्वतःच्या नावाची जर्सी विकली जात असली तरी त्यातला छदामही त्याने घ्यायचा नाही, असा नियम होता. १ जुलै २०२१ पासून तो उठला. नाव, चेहरा आणि प्रसिद्धी यांवर विद्यार्थी खेळाडूला कमावता येऊ लागलं. २०२५ मध्ये तर कॉलेजांनी खेळाडूंना थेट पैसे देण्याची वाटही न्यायालयीन तडजोडीतून मोकळी झाली. या बातम्या वाचून आपल्याकडे अनेकांना वाटलं, की हे काहीतरी अमेरिकन खूळ आहे. मला त्या वाचताना मुंबईतलं गिरगाव, दादर आणि परळ आठवत राहिलं. कॉलेजात असतानाच नाव झालेल्या पोराच्या नावाचं करायचं काय, हा प्रश्न या शहराने कधीच सोडवला होता. या शहराने त्या नावाची किंमत रोखीत न देता नोकरीत दिली.

त्या सोडवणुकीमागे जुनी लाज होती. खेळून पैसे घेणं हे साहेबाच्या लेखी हलक्या माणसाचं काम. इंग्लंडमध्ये हौशी ते 'जंटलमन' आणि पगारी ते 'प्लेअर' ही विभागणी थेट १९६२ पर्यंत चालली. आपल्याकडे ती जातीच्या उतरंडीत अलगद मिसळली. पालवणकर बाळू पुण्यात युरोपियनांच्या जिमखान्यावर मैदानाची निगा राखायचे आणि नेटमध्ये साहेबांना गोलंदाजी टाकायचे. ते पगारी नोकर होते. त्याच गोलंदाजीवर मुंबईच्या हिंदू जिमखान्याने सामने जिंकले आणि १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर त्यांनी शंभरावर बळी घेतले. एवढं होऊनही कर्णधारपद त्यांना कधी मिळालं नाही. मरीन लाइन्सच्या समुद्राकाठी जिमखाने उभे होते, चौरंगी आणि पुढे पंचरंगी सामन्यांना हजारोंची गर्दी लोटत होती, तिकिटांचे पैसे जिमखान्यांच्या तिजोरीत जात होते. ज्याच्या नावाने गर्दी यायची, त्याच्या हाती मात्र शाबासकी.

नाव विकता येतं, हे कळलेले पहिले बहुधा सी. के. नायडू. १९४१ मध्ये बाथगेट कंपनीच्या लिव्हर टॉनिकच्या जाहिरातीत ते झळकले. भारतीय क्रिकेटपटूची पहिली जाहिरात म्हणून तिचा दाखला देतात. पण ही वाट वापरायला नायडूंएवढं नाव लागे. बाकीच्यांनी काय करायचं? विनू मंकडांनी रोखठोक मार्ग धरला. इंग्लंडमध्ये हॅसलिंगडन क्लबचा व्यावसायिक खेळाडू म्हणून त्यांनी करार केला. १९५२ च्या दौऱ्याआधी त्यांनी क्रिकेट मंडळाला एवढंच विचारलं, की निवडीची हमी देता का? हमी असेल तर करार सोडतो. मंडळाने हमी दिली नाही. पहिल्या कसोटीत भारताची दुसऱ्या डावात शून्यावर चार अशी दैना झाली आणि मंडळाला क्लबची मनधरणी करून मंकडांना बोलवावं लागलं. लॉर्ड्सवर त्यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या, वर पहिल्या डावात पाच बळी घेतले. सामना भारत हरला, तरी त्या कसोटीला लोक आजही मंकडांची कसोटी म्हणतात. पोटापाण्याची हमी मागणाऱ्याला मंडळाने हिशेबी ठरवलं होतं. मला तरी त्यात गैर दिसत नाही, हिशेब दोन्हीकडून होता.

तेव्हा कसोटी सामन्याचं मानधन २५० रुपये होतं आणि वर्षात कसोट्या मोजक्या. एवढ्यावर दादरच्या दोन खोल्यांचा संसारही चालणार नव्हता. तो चालवला टाइम्स शील्डने.

१९३०-३१ पासून मुंबईत कार्यालयांच्या संघांची ही स्पर्धा सुरू झाली. एका वर्तमानपत्राने ठेवलेली ढाल, तिच्यासाठी बँका, गिरण्या, रेल्वे, सिमेंट कंपन्या, सरकारी खाती असे शेकड्यांनी संघ, अ गटापासून पार खालच्या गटांपर्यंत वाटलेले. सामने आझाद मैदानावर, क्रॉस मैदानावर, जिमखान्यांवर. एका सामन्याचा लाँगऑन दुसऱ्या सामन्याच्या गलीला पाठ लावून उभा. अ गटातला एखादा सामना असा असायचा, की दोन्हीकडून कसोटीपटू. एसीसीकडे पॉली उम्रीगर, बापू नाडकर्णी, दिलीप सरदेसाई आणि नंतर तरुण सुनील गावसकर. मफतलालकडे अशोक मंकड आणि एकनाथ सोलकर. स्टेट बँकेकडे वाडेकर. टाटांकडे आधी पद्माकर शिवलकर, पुढे दिलीप वेंगसरकर. निरलॉनकडे संदीप पाटील, रवी शास्त्री, आणि एसीसी सोडून आलेले गावसकर. रणजी करंडकात मुंबईने १९५८-५९ पासून सलग पंधरा वर्षं कुणाला हात लावू दिला नाही. त्याचं श्रेय मुंबईच्या मातीला आणि खडूसपणाला देण्याची पद्धत आहे. पगारपत्रकालाही थोडं द्यायला हवं.

व्यवहार सरळ होता. खेळाडूचं नाव हजेरीपटावर, कामाचा हुद्दा कारकुनाचा किंवा अधिकाऱ्याचा. सकाळी सही करायची, थोडं टेबल सांभाळायचं, दुपारी किटबॅग उचलून नेटला. सामन्याच्या दिवशी रजा कापली जायची नाही. दौऱ्यावर गेला तरी पगार चालू. निवृत्त झाल्यावर नोकरी असतेच, बढतीही होते, भविष्य निर्वाह निधी जमतो. बदल्यात कंपनीला काय? दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कंपनीचं नाव. अमुक कंपनीच्या तमुक खेळाडूचं शतक, असं सकाळी लोकलमध्ये हजारो माणसं वाचत. जाहिरात खात्याने तेवढी जागा विकत घेतली असती तर केवढ्याला पडली असती! नावाचा हा व्यवहार होता, फक्त त्याला कुणी तसं म्हणत नव्हतं. म्हणायचे, 'मुलगा सेटल झाला'.

या बाजाराचं दार कॉलेजात होतं. कंपन्यांचे क्रीडा सचिव आंतरमहाविद्यालयीन सामने पाहायला येत. विद्यापीठाच्या संघातून रोहिंटन बारिया करंडकात चमकलेल्या पोराच्या घरी निकालाआधी नोकरीचा निरोप पोचायचा. गोव्यातून आलेल्या सरदेसाईंनी १९५९-६० च्या रोहिंटन बारियामध्ये ४३५ धावा केल्या, तिथून ते पाकिस्तानविरुद्ध विद्यापीठांच्या संघात गेले आणि तिथून कसोटीकडे. कॉलेजंही मागे नव्हती. टक्के कमी असले तरी कव्हर ड्राइव्ह बरा असला, की माटुंग्याच्या पोदारपासून फोर्टमधल्या कॉलेजांपर्यंत दारं उघडत. हजेरीकडे कानाडोळा होई, फी माफ होई. दादरच्या हिंदू कॉलनीत वाढलेला, पोदारमध्ये शिकणारा वेंगसरकर १९७५ च्या इराणी सामन्यात नागपूरला बेदी-प्रसन्नांना मैदानाबाहेर भिरकावून शतक ठोकतो आणि एकोणिसाव्या वर्षी न्यूझीलंडच्या दौऱ्यावर जातो. पोदारचाच रवी शास्त्री १९८१ मध्ये अठराव्या वर्षी रणजी सामन्यातून उठून थेट वेलिंग्टनला कसोटी खेळायला पोचतो. दोघांच्याही बाबतीत कॉलेजचं ओळखपत्र आणि देशाची टोपी एकाच कपाटात होती.

शिवलकरांची गोष्ट यात वेगळी काढून सांगावी लागते. क्रिकेटपटू व्हायचं म्हणून ते चाचणीला गेलेच नव्हते, नोकरी हवी होती म्हणून गेले होते. तोवर खेळले ते टेनिसच्या चेंडूने. चाचणी घ्यायला खुद्द विनू मंकड होते. त्यांनी या पोराच्या डाव्या हातातून सुटणारा चेंडू पाहिला आणि त्याला ठेवून घेतलं. पुढे प्रथम श्रेणीत ५८९ बळी, मुंबईसाठी कितीतरी रणजी विजय, आणि कसोटी एकही नाही, कारण तो काळ बिशनसिंग बेदींचा. नावाचा भाव ठरवणारा खुला बाजार असता, तर शिवलकरांना काय मिळालं असतं? कसोटी न खेळलेल्याला कोण जाहिरात देतो! त्यांना टाटांची नोकरी मिळाली, शिवाजी पार्कावर मान मिळाला, गळा चांगला होता म्हणून गाणंही गायला मिळालं. 'हा चेंडू दैवगतीचा' हे त्यांच्या आत्मचरित्राचं नाव. नोकरीची ती पद्धत दैवाने मागे ठेवलेल्यालाही पगार देत होती, हे तिच्या टीकाकारांनी विसरू नये.

आणि टीका करण्यासारखं होतंच. पगार ठरवणारी कंपनी, संघ ठरवणारी कंपनी, बढती देणारीही कंपनी. एकदा मस्टरवर नाव चढलं की पोराने कुणासाठी खेळायचं हे त्याच्या हाती फार उरत नसे. ही सोय प्रामुख्याने फोर्ट आणि चर्चगेटच्या कार्यालयांची होती. लालबाग-परळच्या पोरांपर्यंत ती पोचली ती वेगळ्या खेळातून आणि कमी दरात.

गिरणगावात क्रिकेट होतं, पण मान कबड्डीचा. चाळींच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात माती चाळून मैदान करायचं, रात्री दिव्यांची माळ लावायची, सुट्टी होऊन आलेली पाळी कठड्यावर बसायची. ना. म. जोशी मार्गावरच्या श्रमिक जिमखान्यावर सामने असले की आसपासच्या चाळी ओस पडत. दादरच्या विजय क्लबसारख्या संघांची नावं इथे कसोटी संघांच्या थाटात घेतली जात. चढाईला जाणाऱ्याचं नाव डिलाईल रोडपासून काळाचौकीपर्यंत पोरासोरांना पाठ. बक्षीस म्हणून चषक, शाल, नारळ. संघटनेच्या नावातच 'हौशी' होतं, राष्ट्रीय संघटना १९७२ मध्ये झाली ती 'अमॅच्युअर कबड्डी फेडरेशन ऑफ इंडिया' म्हणून. शंकरराव साळवी, म्हणजे सगळ्यांचे बुवा, यांनी गावोगाव हिंडून या खेळाला नियम आणि घर दिलं, पण खेळाडूच्या घराचा प्रश्न नोकरीवरच सुटायचा. गिरणीतल्या बापाची इच्छा एकच, पोराने कबड्डीच्या जोरावर गिरणीच्या बाहेर पडावं. रेल्वे, पोलीस, बँक, बंदर, खत कारखाना, कुठेही चालेल.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या कधी चालल्या नाहीत. त्यानंतर क्रीडा कोट्यातली एक नोकरी म्हणजे अख्ख्या घराचा आधार झाली. ज्या घरात बापाचा पगार बंद झाला होता, तिथे अठरा-एकोणीस वर्षांच्या चढाईपटूच्या गुडघ्यावर पाच माणसांचं जेवण अवलंबून होतं. खेळाडूच्या नावाची किंमत इतकी जवळून त्याआधी कुणी मोजली नसेल.

इकडे क्रिकेटमध्ये नाव हळूहळू नोकरीच्या बाहेर डोकावू लागलं होतं. पहिला डोकावला तो दादर पारशी कॉलनीचा फारूख इंजिनिअर. हाही पोदारचाच. १९५८ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध विद्यापीठांच्या संयुक्त संघातून तो प्रथम श्रेणीत आला. देखणा, बोलघेवडा, यष्टीमागे नाटकी. साठच्या दशकात तो ब्रिलक्रीमचा चेहरा झाला. इंग्लंडमध्ये डेनिस कॉम्प्टनच्या चपचपीत भांगाने जे केसांचं मलम विकलं गेलं, ते इथे इंजिनिअरच्या भांगाने विकलं. मुंबईच्या न्हाव्यांच्या दुकानांत तो भांग पाडून घ्यायला पोरं बसू लागली.

पण नावाचा हिशेब खऱ्या अर्थाने ज्याला कळला तो सुनील गावसकर. ताडदेवच्या चिखलवाडीतला, सेंट झेवियर्स कॉलेजचा विद्यार्थी. त्याच्या लहानपणची एक गोष्ट त्याने 'सनी डेज'मध्ये सांगितली आहे. मामा माधव मंत्री भारताकडून कसोटी खेळलेले, हिंदू कॉलनीत राहणारे, दादर युनियनचे कडक शिस्तीचे आधारस्तंभ. त्यांच्या कपाटात भारताचे स्वेटर पाहून भाच्याने विचारलं, एक मी घेऊ? मामांनी नाही म्हणून सांगितलं. हे मिळवावे लागतात, मागून घ्यायचे नसतात. भाच्याने मिळवला. १९७१ मध्ये एकविसाव्या वर्षी, चार कसोटींत ७७४ धावा. वेस्ट इंडीजमध्ये लॉर्ड रिलेटर नावाच्या गायकाने त्याच्यावर कॅलिप्सो रचला आणि तो बेटाबेटांवर वाजू लागला. कॉलेजमधून नुकता बाहेर पडलेला मुलगा, त्याचं नाव एका अख्ख्या समुद्रात गाजतंय, आणि मुंबईला परतल्यावर त्याची मिळकत म्हणजे एसीसीचा पगार.

मामांच्या शिस्तीत वाढलेल्या माणसाने हे चित्र शांतपणे उलटवलं. गावसकरांनी पुस्तकं लिहिली, वर्तमानपत्रांत स्तंभ लिहिला, मराठी गाणं गायलं, मराठी चित्रपटात काम केलं, दिनेश सूटिंगचे कपडे घालून जाहिरातींत उभे राहिले. पैशांची चर्चा ते उघडपणे करत आणि त्याबद्दल त्यांना भरपूर बोलणी बसली. 'पैशाचा माणूस' हा त्यातला सौम्य प्रकार. मराठी मध्यमवर्गाला स्वतःच्या पोराने बँकेत वेतनवाढ मागितलेली चालते, पण खेळाडूने मानधन विचारलेलं खुपतं, हे मला नेहमीच गमतीचं वाटत आलं आहे. १९८५ मध्ये त्यांनी सुमेध शहांबरोबर प्रोफेशनल मॅनेजमेंट ग्रुप ही कंपनी काढली. खेळाडूच्या नावाचा कारभार पाहणारी, त्याचे करार ठरवणारी संस्था, आणि ती काढणारा स्वतः खेळत असलेला खेळाडू. कंपनीच्या मस्टरवर नाव असलेल्या माणसाने आता स्वतःची कंपनी उघडली होती.

त्यांच्यामागोमाग शिवाजी पार्कचा संदीप पाटील. बालमोहनचा, रुईयाचा. १९८१ मध्ये अॅडलेडला १७४, पुढच्या वर्षी मँचेस्टरला बॉब विलिसच्या एका षटकात सहा चौकार. उंच, रुबाबदार, सिनेमावाल्यांनी सोडला असता तरच नवल. 'कभी अजनबी थे'मध्ये तो नायक झाला आणि चित्रपट पडला. मराठीत मात्र त्याने आपलं नाव शहाणपणाने वापरलं. 'एकच षट्कार' या क्रीडा पाक्षिकाचा तो संपादक होता आणि ते नाव पाहून पेपरवाल्याकडून अंक उचलणारी पोरं दादर-गिरगावात खूप होती.

हे सगळं चाललं असताना क्रिकेट मंडळ खेळाडूला देत काय होतं? विश्वचषक जिंकल्यानंतर तीन महिन्यांनी, सप्टेंबर १९८३ च्या एका दिवसीय सामन्याचं मानधनपत्रक पुढे प्रसिद्ध झालं. सामन्याचे १५०० रुपये आणि दिवसाला २०० रुपये भत्ता. तीन दिवसांचे धरून प्रत्येकाला २१०० रुपये, कपिलदेवलाही तेवढेच. विश्वविजेत्यांना बक्षीस द्यायला मंडळाकडे पैसे नव्हते म्हणून लता मंगेशकरांनी दिल्लीत कार्यक्रम केला आणि त्यातून प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये दिले. दोन वर्षांनी मेलबर्नला शास्त्रीला 'चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स' म्हणून ऑडी १०० गाडी मिळाली. तिच्यावरची जकात एवढी होती, की ती सरकारने माफ केली तेव्हाच गाडी मुंबईच्या रस्त्यावर आली. पोदारमधून बाहेर पडलेल्या बावीस वर्षांच्या पोराची गाडी बघायला माणसं जमली, यात गाडीचा वाटा किती आणि पोराचा किती, हे सांगणं अवघड आहे.

मग शिवाजी पार्कवर एक नाणं. रमाकांत आचरेकर स्वतः स्टेट बँकेत नोकरीला, क्रिकेटमुळेच तिथे लागलेले. म्हणजे टाइम्स शील्डच्या जगाने केवळ खेळाडू पोसले नाहीत, गुरुही पोसला. सराव संपत आला की आचरेकर यष्टीवर एक रुपया ठेवत. जो बाद करील त्याचा, कुणीच केलं नाही तर फलंदाजाचा. शारदाश्रम शाळेतल्या सचिन तेंडुलकरने असे तेरा रुपये मिळवले आणि ते जपून ठेवले. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत त्याने आणि विनोद कांबळीने ६६४ धावांची भागी केली, तेव्हा दोघंही शाळकरी. पुढे रिवाजाप्रमाणे सनग्रेस मफतलालची नोकरी आणि टाइम्स शील्ड. सोळाव्या वर्षी पाकिस्तानात कसोटी, त्यानंतर लवकरच कपिलदेवच्या शेजारी उभं राहून बूस्टची जाहिरात.

१९९५ मध्ये मार्क मॅस्कारेन्हस यांच्या वर्ल्डटेलने त्याच्याशी पाच वर्षांचा करार केला, तीस कोटींचा अशी बातमी आली. मुंबईच्या ऑफिस क्रिकेटचं घड्याळ त्या दिवशी थांबलं, असं मी मानतो, जरी ते कळायला कंपन्यांना आणखी दहा वर्षं लागली. त्या बाजारालाही सगळं एकदम कळत नव्हतं, हे मात्र खरं. १९९६ च्या विश्वचषकात तेंडुलकरच्या बॅटवर स्टिकर नव्हतं. ५२३ धावा, स्पर्धेत सर्वाधिक, आणि बॅट कोरी. टीव्हीवर अब्जावधी डोळ्यांसमोर तेवढी लाकडी जागा रिकामी गेली! त्यानंतर तिथे एमआरएफची लाल अक्षरं आली आणि धोबीतलावच्या खेळांच्या दुकानांत पोरं नुसतं स्टिकर मागू लागली.

पुढचं झपाट्याने झालं. खासगीकरणाच्या काळात कंपन्यांनी क्रीडा भरती आवरती घेतली. मफतलाल, निरलॉन यांच्या संघांची जरब आठवणींत गेली. टाइम्स शील्ड चालू राहिली, पण मैदानावरच्या दोरीबाहेर पूर्वीची गर्दी नाही. २००८ मध्ये आयपीएल आली आणि एकोणीस वर्षांखालच्या पोरालाही भाव लागू लागला. २६ जुलै २०१४ ला वरळीच्या बंदिस्त स्टेडियममध्ये प्रो कबड्डी सुरू झाली. गिरणगावापासून हाकेच्या अंतरावर, पण माती नाही, मॅट. पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली राकेश कुमारवर, १२ लाख ८० हजारांची. चारच वर्षांनी, २०१८ मध्ये, मुंबईचा रिशांक देवाडिगा १ कोटी ११ लाखांना गेला. त्याच्याही चरित्रात आधी हॉटेलातली नोकरी, मग बँक, मग पेट्रोलियम कंपनी असा जुना जिना आहेच. फरक एवढा, की आता जिन्याच्या वर गच्ची आहे.

त्या गच्चीवर माणसं किती, हा प्रश्न विचारायला हवा. जुन्या व्यवस्थेत अ गटातल्या संघाचा बदली खेळाडूसुद्धा साठाव्या वर्षी निवृत्तिवेतनाचे कागद घेऊन घरी जायचा. नव्या व्यवस्थेत एकाला कोटी, दहांना लाख आणि बाकीच्यांना चार बुटांचे जोड, एक बॅट आणि मोबाइलवर टाकायला दोन व्हिडिओ. जुन्या दिवसांचे गोडवे गाण्याचा माझा इरादा नाही. मफतलालच्या मस्टरवर तेंडुलकरला जन्मभर बसवून ठेवणं हा अन्यायच ठरला असता. पण नोकरी गेली आणि तिच्या जागी जे आलं ते केवळ वरच्या थरासाठी आलं, हे दादर-परळच्या कुठल्याही क्लबच्या तंबूत बसून अर्धा तास गप्पा मारल्या तरी कळतं.

आता बाजार कॉलेजाच्याही खाली, शाळेपर्यंत उतरला आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये पृथ्वी शॉने हॅरिस शील्डमध्ये ५४६ धावा केल्या तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. बॅटवरचा शब्द, बुटांवरची खूण, इन्स्टाग्रामवरची पोस्ट, सगळ्याला दर आहे. क्लासवाले, बिल्डर, आणि हो, कॉलेजंसुद्धा प्रवेशाच्या हंगामात गुणवंत खेळाडूंचे फोटो फ्लेक्सवर लावतात. त्या फोटोबद्दल त्या पोराला कुणी विचारतं का? पैसे देणं दूरच.

भारतीय करार कायदा १८७२ चा. अठरा वर्षांखालच्या मुलाने केलेला करार मुळातच रद्दबातल, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहोरीबीबी खटल्यात सांगून ठेवलं आहे. म्हणजे अकरावी-बारावीतल्या खेळाडूच्या वतीने जी काही सही होते ती बापाची किंवा आईची, आणि तो कागद बहुतेक वेळा इंग्रजीत, दहा पानांचा, शेवटच्या पानावर बोट ठेवून पुढे केलेला. लालबागच्या चाळीत राहणाऱ्या, आयुष्यभर टॅक्सी चालवलेल्या बापाने त्यातलं कुठलं कलम वाचायचं? पोराचं नाव किती वर्षांसाठी दिलं, दुखापत झाली तर काय, करार मोडायचा झाला तर कुणी कुणाला किती द्यायचं, हे त्याला कोण सांगणार?

गावसकरांना १९८५ मध्ये कळलं ते प्रत्येक सतरा वर्षांच्या पोराला कळावं, अशी अपेक्षा धरता येत नाही. मुंबई विद्यापीठाच्या क्रीडा विभागाने आणि कबड्डी, क्रिकेटच्या शहर संघटनांनी एवढं करावं: आठवड्यातून एक संध्याकाळ एखादा वकील बसवावा, मराठीत समजावून सांगणारा, फी न घेणारा. फोर्टमध्ये नको, शिवाजी पार्कला किंवा श्रमिक जिमखान्यावर बसवावा, जिथे पोरं आधीपासून येतात. आणि ज्या कॉलेजांना आपल्या खेळाडूचा फोटो फ्लेक्सवर लावायचा आहे, त्यांनी आधी त्याची परवानगी आणि मग त्याच्या खात्याचा क्रमांक विचारावा. एल्फिन्स्टनने १९५७ मध्ये पाणी नेणाऱ्यालासुद्धा तीन रुपये दिले होते.